आधी हात कोणी करायचा?

“त्या व्हॅनवाल्याने गाडी पार झुडपात घातली, आपल्याला वाट करून दिली, आणि तू त्याला नुसती मान हलवलीस. पुढे एक जुनी एमजी आली. त्या माणसाने आपल्यासाठी काही म्हणजे काही केलं नव्हतं, फक्त समोरून आला. त्याला मात्र तू काचेच्या वर हात काढून, हसून, जवळजवळ अर्धा उठून सलाम ठोकलास. मामा, हे काय आहे?”

प्रश्न भाचीचा. मामा म्हणजे माझा मित्र, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर. मुक्काम ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, ॲबिंग्डन गावी. भाची पुण्याची. सध्या लीड्सला वाहतूक अभियांत्रिकी शिकते, त्यामुळे रस्त्यावरची कुठलीही गोष्ट तिला नुसती बघून सोडून देता येत नाही. दोघं मामाच्या १९७० सालच्या एमजीबीतून वाँटेजपासून अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याच्या टेकडीखालून जाणाऱ्या बी ४५०७ रस्त्याने फिरून आली होती. मी घरी होतो. गाडी दोन आसनांची, आणि तिसऱ्याने चहा टाकावा असा त्या घरचा नियम. पुढचं सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घडलं. जिथे राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

मामा: व्हॅनवाल्याचे आभार मानले. एमजीवाल्याला ओळख दिली. दोन्ही वेगळं आहे.

भाची: ओळखतोस त्याला?

मामा: नाही ना. ओळखत असतो तर थांबून बोललो असतो.

भाची: मला जे दिसलं ते सांगू? आपल्या जातीचा दिसला की रामराम, बाकीच्यांना नुसती मान.

मामा: जातीत जन्मावं लागतं, बाई. ही गाडी मी घेतली तेव्हा कुणाला नको होती. खालून गंजलेली, टप फाटलेला. कारखाना बंद होऊन थोडीच वर्षं झाली होती. मॉरिस गॅरेजेस म्हणजे एमजी. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसचं गॅरेज, सेसिल किंबर तिथला व्यवस्थापक. त्याने मॉरिसच्याच साध्या गाड्यांना चटपटीत बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. १९२९ च्या सुमारास बिऱ्हाड इथे ॲबिंग्डनला हललं, चामड्याच्या जुन्या कारखान्यात, आणि १९८० च्या ऑक्टोबरमध्ये कुलूप लागलं. माझी एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती. पाच लाखांवर निघाल्या. पाच लाखांची कसली जात?

भाची: पाच लाख निघाल्या, पण रस्त्यावर आज उरल्यात किती? कमी झाल्या म्हणून तर मान वाढला. आणि चढउतार नाहीत असं सांगू नकोस. माझ्या वर्गातल्या एकाचे वडील पोर्श चालवतात, बॉक्सस्टर. ते सांगतात, नाइन-इलेव्हनवाला त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि तेच कायेनवाल्याकडे बघत नाहीत, कारण ती म्हणे जीप!

मामा: पोर्शवाल्यांचं मला सांगू नकोस. त्यांच्या जुन्या ३५६ च्या काळात तेही एकमेकांना बघून दिवे उघडझाप करायचे. पैसा आला, सवय गेली.

हे मामाचं नेहमीचं. त्याच्या मते जगातले सगळे सद्गुण पैसा येण्यापूर्वीचे. त्याची निवृत्तिवेतनाची कागदं मी पाहिलेली आहेत, त्यामुळे मी गप्प राहिलो.

भाची: बरं, ते राहू दे. हात करायची रीत काय आहे? कारण मला त्यात तीन प्रकार दिसले. लांबून येणाऱ्याला नुसतं बोट वर. जवळच्याला पंजा. आणि त्या जुन्या एमजीला अख्खा हात.

मामा: वळणावर असलो तर बोट. स्टिअरिंगवरून हात सुटता कामा नये. सरळ रस्ता असेल आणि टप उघडा असेल तर हात काचेच्या वर, म्हणजे त्याला दिसतो. आपण डावीकडून चालतो, ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे समोरचा आपल्या उजव्या हाताला लागून जातो, आणि गिअरला डावा हात लागतो. उजवा मोकळाच. सोय आहे. अमेरिकेत बिचाऱ्यांचे हाल झाले. युद्धाच्या काळात इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांना या छोट्या गाड्या आवडल्या. मग १९४५ ते ४९ मध्ये जी टीसी बनली, त्या दहा हजारांतल्या सुमारे दोन हजार तिकडे गेल्या. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या! तिकडे समोरचा जातो डावीकडून आणि हा बसलाय पलीकडच्या टोकाला. त्याला चांगला वर करूनच हात दाखवावा लागणार.

भाची: मोटारसायकलवाल्यांचंही तसंच असतं की. उजवा हात ॲक्सिलरेटरवर. अमेरिकेत समोरची गाडी डावीकडून जाते, म्हणून डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात. इथे समोरचा उजवीकडून, आणि उजवा हात तर गुंतलेला, म्हणून नुसती मान. फ्रान्समध्ये गाडीवाल्याने वाट दिली की आभार म्हणून पाय बाहेर काढतात.

मामा: पाय?

भाची: उजवा. आपल्याकडे काढला तर मारामारी होईल.

इथवर वाद खेळीमेळीत होता. मग ती कायद्यावर आली, आणि कायदा तिचा विषय.

भाची: हात ठीक आहे. पण घोड्याच्या टेकडीपाशी तू एकाला दिवेसुद्धा मारलेस. इथल्या हायवे कोडचा ११० वा नियम सांगतो, हेडलाइटची उघडझाप फक्त आपण इथे आहोत हे दुसऱ्याला कळावं म्हणूनच करायची. दुसरा कुठलाही निरोप द्यायचा नाही.

मामा: मग मी दुसरा कुठला निरोप देत होतो? मी इथे आहे, एवढंच तर म्हणालो.

भाची हसली, पण सोडलं नाही. दिव्याचा अर्थ माणसागणिक बदलतो, हा तिचा मुद्दा. पुण्यात समोरून कोणी अप्पर-डिपर मारला तर त्याचा अर्थ, मी येतोय, तू थांब. इंग्लंडमध्ये तोच डिपर बहुतेक वेळा सांगतो, मी थांबलोय, तुम्ही या. लीड्सला ती पहिल्यांदा गाडी घेऊन निघाली तेव्हा अरुंद गल्लीत समोरच्याने दिवे मारले. ही पुणेकर, जागच्या जागी थांबली. तोही थांबलेला. दोन सभ्य माणसं एकमेकांच्या उजेडात बराच वेळ बसून होती. आणि आपल्या हायवेवर डिपरचा तिसरा अर्थ आहेच: पुढे मामा, म्हणजे पोलीस, उभे आहेत. (खऱ्या मामाने या विनोदावर हसायचं कधीच सोडून दिलं आहे.)

या तिसऱ्या अर्थावरून मला एक जुनी हकिगत आठवली आणि मी ती सांगायला घेतली, कारण रस्त्यावरच्या सलामाची याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

१९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा आली, म्हणजे आपल्या हिशेबाने ३२ किलोमीटर. पोलीस झुडपांमागे स्टॉपवॉच घेऊन बसू लागले. १९०५ मध्ये काही मोटारवाल्यांनी लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. आज ती संस्था बंद पडलेल्या गाड्या उचलते, पण तिचं मूळ काम पोलिसांच्या सापळ्यांची आगाऊ खबर देणं हे होतं. त्यासाठी सायकलवरचे पहारेकरी नेमले, त्यांना स्काउट म्हणत. सापळा असला की स्काउट हात दाखवून गाडी हळू करायला लावी. पोलीस चिडले, खटले भरले. १९०७ च्या एका खटल्यात न्यायालय म्हणालं, ज्यांना इशारा दिला ते मर्यादा मोडत होते हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा गुन्हा नाही. पण १९१० च्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यात गाड्या खरोखर वेगात होत्या. बेट्स नावाच्या स्काउटने त्यांना सावध केलं, आणि हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरला.

आता आली पंचाईत. इशारा द्यावा तर गुन्हा. तेव्हा असोसिएशनने इशाराच उलटा केला. सभासदाच्या गाडीवर संस्थेचा बिल्ला असे. बिल्ला दिसला की स्काउटने कडक सलाम ठोकायचा, रोज, प्रत्येक वेळी. आणि पुढे सापळा असेल तेव्हा सलाम करायचा नाही! सभासदांना कळवून ठेवलेलं: सलाम आला नाही तर गाडी थांबवा आणि कारण विचारा. सलाम केला नाही म्हणून कुणाला कोर्टात कसं खेचणार?

मामा: बघ. नुसत्या शिष्टाचाराने कायदा हरवला.

भाची: शिष्टाचार? काका काय म्हणाले ऐकलंस का? बिल्ला असेल तरच सलाम. म्हणजे वर्गणी भरलेल्यांना. रस्त्याने चालणाऱ्या, ज्याच्या अंगावर त्या गाड्या धूळ उडवत जायच्या, त्या माणसाला कोणी सलाम केला? वेगमर्यादा त्याच्यासाठी होती. तुमचा तो गोड सलाम त्याच्याविरुद्धचा कट होता.

याला उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सलाम बंद झाला. रस्ते भरले, एव्हाना मोटारसायकलवर बसलेल्या पहारेकऱ्याने येणाऱ्या प्रत्येक बिल्ल्याला हात उचलणं परवडेना. कायद्याचा तिढा मात्र तसाच आहे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल एका लॉरी ड्रायव्हरच्या बाजूने लागला. त्याने हात करून इतरांना सापळ्याबद्दल सावध केलं होतं, पण कोणी मर्यादा मोडत होतं असा पुरावा नव्हता. जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा १९०७ चाच तर्क.

मामाला विषय बदलायचा होता. तो ए ४१७ रस्त्यावर गेला.

मामा: तुला एक सांगतो. घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात वाँटेजच्या पुढे गाडी बंद पडली. मी बॉनेट उघडून नुसता बघत उभा. मला शरीरातली नस सापडते, गाडीतली नाही. लोक जात होते. चांगल्या, नव्या, गरम गाड्या. मग एक ट्रायम्फ स्पिटफायर थांबली. तीही मोडकीच. त्या माणसाने काही विचारलं नाही. मागच्या उजव्या चाकाजवळ वाकला, चाकाचा पान्हा घेतला आणि त्याच्या दांड्याने फ्युएल पंपावर दोन टोले दिले. या गाड्यांचा पंप विजेवर चालतो, त्याचे पॉइंट चिकटून बसतात. टकटक सुरू झाली, गाडी सुरू झाली. त्याने हात वर केला, मी हात वर केला, संपलं. तेव्हापासून मी दिसेल त्या जुन्या गाडीला हात करतो.

भाची: थोडक्यात, तुमच्या गाड्या बंद पडतात म्हणून तुम्ही सभ्य आहात.

मामा दुखावला. मला वाटतं, तिने नेमकं ठिकाण गाठलं होतं, आणि मी तसं म्हणालो. समोरच्या अनोळखी गाडीला केलेला हात मला नमस्काराहून कराराच्या जवळचा वाटतो. आज तू जात आहेस, मी जातोय. उद्या तू उभा असलास तर मी थांबेन, आणि उलटही. त्या मोटारींच्या डौलाशी याचा फारसा संबंध नाही. ज्याच्याजवळ डौल आहे तो हात करत नाही. उन्हाळ्यात लंडनच्या नाइट्सब्रिजमध्ये आखाती देशांतून आणलेल्या लॅम्बोर्गिनी आणि फेरारी एकमेकींच्या शेजारून जातात आणि त्यांच्या काळ्या काचांमागे कोणी बोटसुद्धा उचललेलं मी पाहिलं नाही. मुंबईतल्या रविवार सकाळच्या सुपरकारच्या रांगा तर सगळ्या एकाच दिशेने धावतात. समोरून येणारंच कोणी नसेल तर हात कुणाला करणार? याउलट आपल्या घाटात बघा. दोन एसटी ड्रायव्हर समोरासमोर आले की हात वर होतो. बुलेटवाले लांबच्या रस्त्यावर एकमेकांना अंगठा दाखवतात. घाट, पाऊस, पंक्चर, चेन. प्रत्येकाला माहीत आहे की पुढच्या वळणावर आपली पाळी असू शकते.

मामा: कॉर्व्हेट आता बंद पडत नाही. तरी अमेरिकेत कॉर्व्हेटवाले हात करतातच.

हा फटका मला होता, आणि चांगला बसला.

मी: पहिली कॉर्व्हेट आठव. १९५३, मिशिगनमधलं फ्लिंट. ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या. दाराला बाहेरून मूठ नाही, खिडकीला काच नाही, नुसते पडदे. एवढ्या मोठ्या देशात तसला दुसरा वेडा दिसला की हात वर होणारच.

मामा: म्हणजे बंद पडणं नाही, कमी असणं. तुझं विधान बदललंस.

भाची: आणि जपान्यांच्या एमएक्स-फाइव्हचं काय? ती तर मुळीच बंद पडत नाही.

एमएक्स-फाइव्ह हे माझ्या मताला सर्वांत अवघड उदाहरण आहे. माझ्दाने १९८९ मध्ये ती काढली ती या जुन्या इंग्रजी गाड्यांचाच वारसा चालवायला: दोन आसनं, उघडा टप, कमी वजन. फक्त तेल गळत नाही आणि पंपावर पान्हा मारावा लागत नाही. २०१६ पर्यंत दहा लाख झाल्या. आणि त्यांचे मालक हात करतात! पहिल्या पिढीत तर दिवे झाकलेले असायचे, बटण दाबलं की बॉनेटमधून वर यायचे. एकमेकांना बघून ते वरखाली करायचे. अख्खी गाडी डोळा मारायची. पुढच्या पिढीत ते दिवे गेले. तेव्हा नुसतं बंद पडणं पुरत नाही, हे मला मान्य करावं लागलं. उघडं असणंही हवं. टप उघडा असला की ड्रायव्हर माणूस म्हणून दिसतो. वाऱ्यात उडणारे केस, थंडीने लाल झालेलं नाक, त्यात उगाचच हसणारा चेहरा. बंद काचेतला माणूस दिसतच नाही, म्हणून त्याला कोणी काही देणं लागत नाही.

भाची: गॉफमन नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता. १९६३ मध्ये त्याने लिहिलं, की फुटपाथवर दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली की थोड्या अंतरापर्यंत एकमेकांकडे बघतात आणि जवळ आल्यावर नजर खाली करतात. रात्री समोरची गाडी आली की आपण दिवे मंद करतो तसं. त्याच्या मते ही बेपर्वाई नसून सभ्यताच आहे: मी तुला पाहिलं, आता तुला त्रास देत नाही. म्हणजे पायी चालताना दिवे मंद करायचे, आणि तुझ्यासारखे गाडीत बसले की प्रखर करतात. बरोबर उलट.

मामा: मी पायी चालायचो तेव्हा माझ्याकडे कोणी दिवे मंद केले नाहीत. सरळ विझवले.

तो हे कडवटपणे म्हणाला नाही, चहा ढवळता ढवळता म्हणाला. ऐंशीच्या दशकातला इंग्लंडमधल्या छोट्या गावातला सावळा डॉक्टर. दवाखान्यात मान, दवाखान्याबाहेर शेजारी रस्ता ओलांडून जाणार.

मामा: गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी एका इंग्रजाने समोरून हात वर केला. मी मागे वळून बघितलं, कुणाला केला म्हणून. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

भाची: मामा, हे वाईट वाटून घेऊ नकोस. पण त्याने हात गाडीला केला, तुला नाही.

मामा: केला असेल. उत्तर द्यायला हात माझाच होता ना?

भाची: टप उघडा होता की लावलेला?

बघा, पोरीला काय विचारावं ते कळतं. मामा थांबला. मग म्हणाला की उघडा होता, आणि त्या माणसाला त्याचा चेहरा नीट दिसला असणार. भाचीने मान डोलावली आणि तो मुद्दा सोडला. पण तिच्याजवळ शेवटचा हुकूम होता.

भाची: आता पुण्याचं बघ. तिथे दर सिग्नलला एमजी उभी असते. हेक्टर. २०१९ मध्ये आली, गुजरातेत हालोलला बनते, ब्रँड चिनी कंपनीच्या मालकीचा. पुढे तोच आठ कोनांचा बिल्ला. किंबरची एमजी. हात करशील?

मामा: ती अख्खं कुटुंब आणि बॅगा नेणारी गाडी आहे.

भाची: म्हणजे नाही. मग सायबरस्टर? दोन आसनं, उघडा टप, बिल्ला तोच. फक्त विजेवर चालते.

मामाने उत्तर द्यायला खूप वेळ घेतला. सायबरस्टर इथल्या रस्त्यांवर २०२४ पासून दिसते, आणि माझा अंदाज आहे की त्याला ती एकदा तरी समोरून आलेली असणार.

मामा: त्याने आधी केला तर मी करेन.

भाची: हे बघा, आलं बाहेर! आधी कोण करणार यावरच तर सगळं अडलंय. सगळे थांबून बसले तर कोणीच करणार नाही. आणि मला सांग, हे सगळे हात करणारे साठीचे पुरुष. मी एकटी ती गाडी घेऊन निघाले तर मला कोण करेल? उद्या मी चालवते. तू इथेच बस. मी मोजून येते.

मामा: भारतीय परवान्यावर वर्षभर चालवता येईल, ते ठीक. पण विम्यात तुझं नाव घालावं लागेल. आणि जुन्या गाड्यांचे विमेवाले पंचविशीच्या आतल्यांना उभं करत नाहीत.

भाची: मला सव्विसावं लागलंय, मामा.

मामा: कधी?

भाची: मार्चमध्ये. तू फोन केला होतास.

मामा: मग ऐक. गार असताना चोक पूर्ण ओढायचा, पण गरम झाली की आत ढकलायला विसरायचं नाही. आणि पान्हा मागे उजवीकडे ठेवलेला आहे.